पहिल्या खिडकीच्या आधी

आमच्या ऑफिसात फॉन्ट हाताने लावायचे. हे मी नवऱ्याला तीनदा समजावून सांगितलं, तिन्ही वेळा तो "हं" म्हणाला. म्हणून इथे जरा सविस्तर सांगते.

आम्ही लहान मुलांच्या हॉस्पिटलसाठी औषध-काउंटरचा प्रोग्रॅम बनवत होतो. स्क्रीनभर चौकोनच चौकोन. मुलाचं नाव, वजन, औषध, मात्रा. या चौकोनांना टेक्स्ट फील्ड म्हणतात. त्यांत टाइप केलेलं अक्षर कोणत्या वळणाचं आणि केवढं दिसावं, हे ठरवायचे दोन मार्ग आहेत. शहाणी माणसं प्रोग्रॅमला एकदाच, एका ओळीत सांगतात, की बाबा रे, तुझा डिफॉल्ट फॉन्ट हा. मग सगळे चौकोन निमूट ऐकतात. दुसरा मार्ग आमचा. एक चौकोन धरायचा, त्याच्या गुणधर्मांची यादी उघडायची, फॉन्ट निवडायचा, आकार अकरा करायचा, सेव्ह करायचं आणि नोंदवहीत बरोबरची खूण करायची. मग पुढचा चौकोन. एकूण चारशे बारा होते. अडीच महिन्यांत माझे दोनशे त्रेसष्ट झाले होते. इंजिनीअरिंगची चार वर्षं शिकून मी वांगी निवडल्यासारखे चौकोन निवडत होते.

ही पद्धत महर्षींची. ते आमचे मुख्य रचनाकार. हे नाव मी ठेवलेलं नाही, माझ्या आधी सोडून गेलेल्यांनी ठेवलं आणि जाताना वारसाहक्काने देऊन गेले. महर्षी सावकाश बोलत, डोळे मिटून ऐकत आणि ऐकून झाल्यावर आधीच ठरवलेलं सांगत. त्यांच्या खिशात कायम एक प्लास्टिकची पट्टी असे. दर शुक्रवारी चार वाजता ते प्रत्येकीच्या मागे उभे राहून स्क्रीनवर पट्टी टेकवत आणि अक्षरांची उंची मोजत. मिलिमीटरमध्ये! स्क्रीनवरच्या अक्षराची! पहिल्या शुक्रवारी मला वाटलं, हा नव्या माणसाची चेष्टा करायचा प्रकार असावा. मी हसले. कुणीच हसलं नाही.

"डिफॉल्ट फॉन्ट का नाही लावत, सर?" असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

महर्षींनी डोळे मिटले. "तीन वर्षांपूर्वी प्रयोग करून झालाय. या प्रणालीत तो चालत नाही."

"का चालत नाही?"

"नाही चालत म्हणजे नाही चालत. काही गोष्टी हातानेच कराव्या लागतात. शिस्त लागते त्याने."

मी गप्प बसले. गप्प बसायला माझ्याकडे सज्जड कारण होतं, दीड वर्षाचं. तीन महिन्यांच्या उमेदवारीवर मी आले होते. मुदत संपायच्या आत महर्षींनी 'समाधानकारक' असा शेरा मारला तर कायम नेमणुकीचं पत्र मिळणार होतं. आणि कायम झालेल्यांच्याच मुलांना तळमजल्यावरच्या कंपनीच्या पाळणाघरात जागा होती. लेक माझ्याहून फक्त चार मजले खाली असणार, रडली तर जिन्याने दीड मिनिटात मी तिच्यापाशी. हे अंतर मी घड्याळ लावून मोजलं होतं, लिफ्ट बंद आहे असं धरून.

तोवर लेक सासूबाईंकडे होती. पण सासूबाईंनी तारीख देऊन ठेवली होती. "पहिल्या तारखेला मी निघाले. लेकीचं पहिलं बाळंतपण आहे माझ्या. तुझ्या त्या फॉन्टांपायी मी थांबायची नाही, आधीच सांगते."

"त्याआधी पत्र मिळेल, आई."

"मिळेल, मिळेल. दोन महिने तेच ऐकतेय. आमची ठकूबाई चालायला लागली, तुझं पत्र अजून रांगतंच आहे."

बाहेरची पाळणाघरं मी पाहून आले होते. एका ठिकाणी सोळा मुलं आणि एक बाई, आणि ती बाई फोनवर. दुसऱ्या ठिकाणी भिंतीवर फुलपाखरं रंगवलेली आणि त्यांच्या खाली उघडा प्लगपॉइंट, बरोबर माझ्या लेकीच्या बोटांच्या उंचीवर. नवरा म्हणाला, "तू फार बघतेस." मग बघू नको तर काय करू? त्याने फुलपाखरांची तारीफ केली होती.

तर, महिना संपायला एक आठवडा होता आणि मला हॉस्पिटलच्या काउंटरवर पाठवलं. चाचणीची आवृत्ती बसवायची, बाईंना दाखवायची आणि परत यायचं. सोमवारी, महिना संपायच्या आदल्या दिवशी, तीच आवृत्ती अकरा काउंटरांवर जाणार होती.

काउंटरवरच्या औषधवाल्या बाई पन्नाशीच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांच्या मॉनिटरच्या स्टँडला सुतळीने एक भिंग बांधलेलं होतं. ते आधीच्या प्रोग्रॅमची कृपा, असं त्या म्हणाल्या. मी अभिमानाने आमचा स्क्रीन उघडला. नाव ठळक, वजन ठळक. हे सगळे माझे हाताने लावलेले चौकोन. मग बाईंनी 'औषध जोडा' हे बटण दाबलं. खाली एक नवी रांग उगवली, औषध आणि मात्रा. त्यात त्यांनी तापाच्या औषधाची मात्रा टाइप केली आणि हात थांबवला.

"पंचवीस?"

"अडीच आहे ते," मी म्हणाले.

"टिंब कुठाय मग?"

मी वाकले. "आहे ना. हे बघा, दोनच्या पायाशी."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला माहितीये आहे म्हणून, म्हणून तुम्हाला दिसतंय. माझ्यापुढे सकाळी चाळीस आया उभ्या असतात, कडेवर तापलेली पोरं. मी काय प्रत्येकीला सांगू, थांबा हं, भिंग लावून बघते?"

"तुम्ही अनुभवी आहात, पंचवीस कुणी देणार नाही…"

"मी देणार नाही. रविवारी माझ्या जागी जी बसते तिला लागून तीन आठवडे झालेत." त्यांनी रांग पुसून टाकली. "आणि एक. जमलं तर सगळंच अक्षर एक घर मोठं करा. फुकटचा सल्ला आहे, घ्या."

परत येताना बसमध्ये मला एकच दिसत होतं. अडीच आणि पंचवीस. माझ्या लेकीचं वजन नऊ किलो आठशे. नऊ किलोच्या अंगात दहापट औषध गेलं तर काय होतं हे मला ठाऊक नव्हतं. मी फोनवर शोधायला घेतलं आणि दुसऱ्या ओळीला फोन बंद केला. मग सासूबाईंना फोन लावला. ठकूबाई झोपली होती. "श्वास घेतेय ना नीट?" मी विचारलं. "नाही, सुट्टी घेतलीये तिने," सासूबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी महर्षींपुढे उभी राहिले.

"सर, मात्रेच्या फील्डमध्ये टिंब दिसत नाही. तिथे जुनाच आठ आकाराचा फॉन्ट येतोय."

"त्यांचे मॉनिटर जुने आहेत."

"पण बाकीची फील्डं त्याच मॉनिटरवर छान दिसतात."

"मग त्या फील्डला लाव की फॉन्ट."

"तीच तर अडचण आहे, सर. ती फील्डं आधी नसतातच. बटण दाबल्यावर तयार होतात. जी अजून जन्मलीच नाहीत त्यांना हाताने फॉन्ट कसा लावू?"

महर्षींनी डोळे मिटले. मग त्यांनी विचारलं, "नोंदवहीत त्यांचा क्रमांक काय?"

"क्रमांक नाही त्यांना."

"मग ती आपल्या कक्षेत येत नाहीत."

हे वाक्य मी त्यांच्याच शब्दांत लिहिते आहे, कारण माझ्या शब्दांत ते कुणाला खरं वाटणार नाही. दहापट औषध पोराच्या पोटात गेलं असतं, पण नोंदवहीत क्रमांक नव्हता म्हणून ते पोटही आमच्या कक्षेत नव्हतं.

मी जागेवर आले आणि कोड वाचायला बसले. त्या रांगा तयार करणारा कोड अकरा ठिकाणी अकरा तऱ्हांनी लिहिलेला. अकरा ठिकाणी ठिगळ लावलं असतं, तर बारावं कुठेतरी दडून बसलेलं राहिलं असतं. म्हणून मी मुळाशी गेले, प्रोग्रॅम जिथून सुरू होतो त्या पहिल्या फाइलपाशी. ती फाइल आमच्यात कुणी उघडत नसे. उघडायला बंदी नव्हती, पण महर्षींची म्हटल्यावर लोक आपसूकच लांबून जात.

आत होतं ते असं. प्रोग्रॅम सुरू झाला की सगळ्यात आधी स्वागताची खिडकी उघडायची. कंपनीचं बोधचिन्ह गोल फिरायचं आणि खाली अक्षरं यायची, 'मुख्य रचनाकार' आणि पुढे महर्षींचं संपूर्ण नाव, पदव्यांसकट. सहा सेकंद. त्यानंतर, पुढच्याच ओळीत, डिफॉल्ट फॉन्ट लावलेला होता.

लावलेला होता! तीन वर्षं ती ओळ तिथेच होती. फक्त डिफॉल्ट फॉन्टचा नियम असा, की तो पहिली खिडकी उघडायच्या आधी सांगावा लागतो. एकदा खिडकी उघडली की प्रोग्रॅम म्हणतो, आता उशीर झाला, आणि एरर देतो. तशी एरर महर्षींनाही आली असणार. तिच्यावर त्यांनी काय उपाय केला? ओळीभोवती एक जाळं विणलं, एरर आली की जाळ्यात पडावी, आणि पडल्यावर काय करायचं तिथे काहीच लिहिलं नाही. दोन रिकामे कंस. वर टीप, 'किरकोळ. नंतर बघू.' खाली त्यांची आद्याक्षरं.

म्हणजे प्रोग्रॅम रोज सकाळी ओरडून सांगत होता आणि रोज सकाळी त्याच्या तोंडावर उशी दाबली जात होती. कशासाठी, तर आपलं नाव सगळ्यात आधी झळकावं. त्यावर शिस्त उभी राहिली, नोंदवही उभी राहिली, पट्टी आली. माझ्या आधीच्या तिघी जुन्या आवृत्त्यांचे चौकोन निवडून निवडून नोकरी सोडून गेल्या.

मला फार हसू आलं. मग अजिबात येईना. कारण एक गोष्ट लखकन समोर आली. ती ओळ उचलून खिडकीच्या वर ठेवायची, एवढंच काम. पण ती वर गेली की उरलेले एकशे एकोणपन्नास चौकोन आपोआप ठीक होणार. आणि मला ठेवलं होतं ते त्याच चौकोनांसाठी. 'फील्डं संपेपर्यंत तुमची गरज आहेच,' असं मालक स्वतः म्हणाले होते. ओळ हलवली की माझी गरज संपणार. आणि महर्षींची ती फाइल उघडून त्यांची चूक चव्हाट्यावर आणल्यावर 'समाधानकारक' हा शेरा कोण मारणार? गप्प राहिले असते तर चौकोनांना आणखी दीड महिना लागला असता, पत्र मिळालं असतं, लेक तळमजल्यावर आली असती.

त्या दिवशी मी घरी जाऊन लेकीला भरवलं. तिने तीन घास खाल्ले आणि चौथा माझ्या कुर्त्याला पुसला. मी मनात हिशोब मांडत होते, रविवारी त्या तीन आठवड्यांच्या पोरीपुढे कोण उभी असेल. कुणाचीतरी ठकूबाई कडेवर घेतलेली कुणीतरी. तिला काय सांगायचं, मला पाळणाघर हवं होतं म्हणून?

गुरुवारी सकाळी आल्या आल्या मी ती ओळ वर नेली. जाळं काढून टाकलं. प्रोग्रॅम चालवला, 'औषध जोडा' दाबलं, अडीच टाइप केलं. टिंब मोहरीच्या दाण्याएवढं. स्क्रीनपासून चार पावलं मागे गेले. दिसत होतं. टेस्टिंगच्या मुलीला बोलावलं, ती दारातूनच म्हणाली, "अडीच." मी बदल रीतसर नोंदवला, माझ्या नावाने, तारखेसह.

शुक्रवारी चार वाजता पट्टी निघाली. महर्षींनी माझ्या मागे उभं राहून प्रोग्रॅम सुरू करायला सांगितलं. बोधचिन्ह फिरलं. महर्षींनी पट्टीने स्क्रीनवर टकटक केलं.

"माझं नाव कोणी कापलं?"

नवा फॉन्ट आता त्यांच्या खिडकीलाही लागला होता. अक्षरं मोठी झाली, खिडकी होती तेवढीच. आडनाव अर्धं, पदव्या गुल.

"कापलं नाही, सर. मावलं नाही."

"फाइलला हात कोणी लावला?"

"मी."

"पूर्ववत कर. आत्ता."

"पूर्ववत केलं तर टिंब जाईल, सर."

"टिंब!" महर्षी एवढ्या जोरात म्हणाले की आख्खा मजला उठून उभा राहिला. मालकही केबिनबाहेर आले. मालकांना कोडातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण आवाज चढला की तो कुठल्या गिऱ्हाइकाचा आहे एवढं बरोबर कळायचं.

"काय चाललंय? सोमवारी माल जायचाय."

"हिने मुळाला हात घातलाय," महर्षी म्हणाले. "परवानगीशिवाय."

मी मालकांना काही समजावलं नाही. दोन स्क्रीन शेजारी शेजारी उघडले, जुना आणि नवा, आणि दोन्हींत अडीच टाइप केलं. "सर, मात्रा किती दिसते?"

मालकांनी जुन्यावर बोट ठेवलं. "पंचवीस." मग नव्यावर. "अडीच." मग ते थांबले. त्यांना नातू आहे, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं, फोटो केबिनमध्ये हारीने लावलेले. "हे पोरांचं औषध आहे ना?"

"हो."

"मग जुनं आपण देणार होतो?"

महर्षी पट्टी खिशात घालायला बघत होते, ती खिशाच्या बाहेरच जात होती.

"किती ओळी बदलल्या?"

"एक. बदलली पण नाही, वर सरकवली."

मालकांनी महर्षींकडे पाहिलं. "मग गेली तीन वर्षं हे लोक काय करत होते?"

"शिस्त…" महर्षी म्हणाले आणि पुढचं त्यांचं त्यांनाच सापडलं नाही. पण माणूस हुशार, लगेच सावरले. "असो. झालं ते चांगलंच झालं. फील्डांचं काम आता संपलं. यांची मुदतही सोमवारी संपतेच आहे. शेरा लिहायचं काही कारणच उरत नाही."

किती गोड बोलले! माझ्या डोळ्यांसमोर पहिली तारीख आली. सासूबाईंची बॅग दारात दिसली, सोळा मुलांची ती बाई दिसली. पण बोलले ते निराळंच. मला वाटतं दोनशे त्रेसष्ट चौकोनांचा राग एकत्र वर आला.

"काम संपलं नाही, सर," मी मालकांना म्हणाले. "हॉस्पिटलच्या बाईंना अक्षर आणखी एक घर मोठं हवंय. ही एक ओळ बदलली की उरलेली सगळी फील्डं मोठी होतील. पण ज्या दोनशे त्रेसष्ट फील्डांना मी हाताने फॉन्ट लावलाय ती हलायची नाहीत. हाताने लावलेलं डिफॉल्टचं ऐकत नाही. अर्धा स्क्रीन मोठा, अर्धा लहान दिसेल. ते सगळं हाताने लावलेलं काढावं लागेल."

"किती वेळ लागेल?"

मी महर्षींकडे हात केला. "सरांच्या पद्धतीने?"

महर्षींनी सवयीने डोळे मिटले. "लावायला अडीच महिने. काढायलाही तेवढेच."

"माझ्या पद्धतीने एक दुपार," मी म्हणाले. "फक्त सोमवार माझा शेवटचा दिवस आहे आणि तो अकरा काउंटरांवर प्रोग्रॅम बसवण्यात जाईल. मंगळवारची दुपार माझ्याकडे नाही."

"ही धमकी समजायची का?" मालकांनी विचारलं.

"नाही, सर. कॅलेंडर आहे."

मागे टेस्टिंगच्या मुलीला खोकला आला. मालक महर्षींकडे वळले. "तुम्ही कराल एका दुपारीत?"

"मला आधी आढावा घ्यावा लागेल."

"किती?"

"तीन आठवडे."

मालक तडक केबिनमध्ये गेले. पाच मिनिटांनी बाहेर आले ते माझ्या कायम नेमणुकीचा कागद घेऊन. शेऱ्याच्या जागी महर्षींची सही त्यांनी तिथेच, उभ्या उभ्या घेतली. महर्षींनी 'समाधानकारक' लिहिलं ते इतक्या बारीक अक्षरात, की वाचायला मला कागद डोळ्यांशी धरावा लागला. मग मी तो घडी घालून पर्समध्ये ठेवला.

मंगळवारी दुपारी मी हाताने लावलेले सगळे फॉन्ट काढले, अक्षर एक घर मोठं केलं आणि जाता जाता महर्षींच्या नावाची खिडकीही काढून टाकली. प्रोग्रॅम आता सहा सेकंद आधी उघडतो. हॉस्पिटलकडून त्याबद्दल आभाराचा फोन आला, तो महर्षींनी घेतला आणि "आमचं धोरणच आहे तसं," असं म्हणाले. म्हणू देत.

बुधवारी पहिली तारीख होती. सासूबाईंना सकाळच्या गाडीत बसवून मी लेकीला कडेवर घेऊन तळमजल्यावर गेले. पाळणाघराच्या बाई चांगल्या दिसत होत्या, म्हणजे फोन हातात नव्हता. मी खोली पाहिली. प्लगपॉइंट उंचावर, त्यांना झाकणं. खिडक्यांना जाळ्या. मुलं सात, बाया दोन.

"फाटकाची कडी आतून उघडते का?" मी विचारलं.

"नाही उघडत."

"मुलाने ओढली तर?"

"नाही उघडत, ताई."

"दोघांनी मिळून ओढली तर?"

बाईंनी लेकीला माझ्या हातांतून घेतलं, कडेवर बसवलं आणि म्हणाल्या, "ताई, तुम्ही वर जा. तुम्हालाच आत ठेवायची वेळ आणू नका."

लेक माझ्याकडे न बघता बाईंच्या गळ्यातली शिट्टी ओढायला लागली. मी बाहेर आले, फाटक लावलं, आणि कुणी बघत नाहीसं पाहून कडी दोनदा ओढून बघितली. मग जिन्याने वर गेले.